पाणी कुठवर आलं

पाणी कुठवर आलं, हे नाशकात
फुटांत सांगत नाहीत.
दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला, गुडघ्याला, कमरेला,
असं सांगतात.
छातीला लागलं की भांडी बाजारातली माणसं
न बोलता खालच्या फळीवरची पातेली
वर चढवू लागतात.

भाऊंच्या गोष्टीत पाणी
मी पहिलीत होतो तेव्हा मारुतीच्या खांद्याला होतं.
चौथीत गळ्याला.
मला मिसरूड फुटलं तोवर
वर नुसता शेंदराचा एक ठिपका उरला होता.
एकोणसत्तरचा पूर सगळ्यांचा
एकोणसत्तरातच ओसरला.
आमच्याकडे तो चढत राहिला.

सांगायचे ते दुकान वाढवल्यावर,
अर्धवट मठारलेलं एखादं पातेलं मांडीवर घेऊन.
‘रात्री अडीचला नारोशंकराची घंटा वाजली.
माणसानं नाही वाजवली. पाण्यानं.’
इथे नखानं पातेल्यावर टक् करत.
ती टक् अजून माझ्या दाढेत आहे.

मग बंब गेले, आडवे होऊन, गुडगुडत.
परातीत परात बसून पराती गेल्या.
सराफांच्या गल्लीत कुणाची तरी म्हैस
पहिल्या मजल्याच्या खिडकीत तोंड घालून
घरातल्यांकडे बघत राहिली.
‘आणि मोठ्या घंगाळात
आम्ही पोराला बसवलं.’

पोराला. म्हणजे मला.
घंगाळ गार होतं. कडी मी दोन्ही हातांनी धरली होती.
आभाळ गोल होतं, काठाएवढं.
कुठून तरी रॉकेलचा वास येत होता.
घंगाळ मारुतीपाशी गेलं,
भोवऱ्यात फिरलं, एकदा, दोनदा,

‘चहा टाका,’ भाऊ म्हणत.

गोष्ट तिथे थांबायची.
पुढे काय, हे कुणी विचारलं नाही.
मी समोर बसलोच होतो की,
मांडी घालून, कोरडा.

बत्तिसाव्या वर्षी पासपोर्टसाठी
जन्माचा दाखला काढायला गेलो.
खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं:
फेब्रुवारी, बहात्तर.
दोनदा मनात वजाबाकी केली,
तिसऱ्यांदा त्यांच्या कॅल्क्युलेटरवर.

निफाडला सुभद्राआत्या द्राक्षांची पेटी भरत होती.
कागदाच्या कातरणात हात तसाच ठेवून म्हणाली,
‘मुकुंद होता तो. दीड वर्षाचा.
तुला सांगितलं नाही दादानं?’
मग कातरण दाबत, स्वतःशीच:
‘सांगतोय की. रोज सांगतोय.’

घरी आलो. भाऊंना काही विचारलं नाही.
काय विचारणार?
दाखला खरा. हातातली कडीही खरी.
मधल्या अडीच वर्षांत एक माणूस उभा आहे,
तो रोज संध्याकाळी ते घंगाळ फिरतं ठेवतो,
बुडू देत नाही,
पुढेही जाऊ देत नाही.
आणि हे त्याला जमतं ते एवढ्यासाठीच
की समोर एक पोरगं
श्वास धरून बसलेलं असतं.

भाऊ गेले त्या उन्हाळ्यात
रामकुंडात टँकरनं पाणी आणून ओतलं होतं.
मारुतीचे तळवे कोरडे ठाक.
मुठीतली राख जरा वेळ तशीच तरंगली
आणि कुठेच गेली नाही.

परवा मृण्मयीला सांगायला बसलो.
पातेलं नव्हतं हाताशी,
तिच्या शाळेच्या बाटलीवर टक् केलं.
‘पाणी कुठवर होतं?’
‘मारुतीच्या डोक्यावरून.’
(वाढलं. माझ्याकडूनही वाढलं.)
बंब गेले, पराती गेल्या, म्हैस बघत राहिली,
घंगाळ फिरलं, एकदा, दोनदा,

‘मग?’

भाऊंना हे कुणी कधी विचारलं नव्हतं.
जिभेवर तांब्याची चव आली.
चहा टाक म्हणायचं अगदी ओठांवर होतं.

‘बाबा, आत कोण होतं?’

‘मुकुंद,’ मी म्हणालो.

आणि घंगाळ
तिसऱ्यांदा फिरलं.